अहवाल : वाढ नाही

३ मार्च, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला गेलं तर गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून उभ्यानेच घालतो, गोड मानून घे. इकडे सगळे ठीक. हिची कंबर जेव्हा पाहुणे येणार असतात तेव्हाच दुखते, त्यामुळे आजार गंभीर नाही. माझं वजन तेवढंच आहे, म्हणजे जास्तच आहे.

पत्र बघून तुला वाटेल, याला फोन करता येत नाही का. येतो. पण तू तो उचलत नाहीस, आणि उचललास तर मी विनोद करतो. कागदावर निदान दुसऱ्यांदा वाचताना माझी मलाच लाज वाटते.

काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

"मामा, आई बेकरी देतेय. पंचवीस तारखेला सह्या."

"कुणाला?"

"कोपऱ्यावरच्या चपलावाल्याला. त्याला माल ठेवायला जागा हवीय."

"आणि भट्टी?"

"फोडणार म्हणाला. त्याच्या काय कामाची?"

मग म्हणाली, "आई रोज सकाळी जाते, शटर अर्धं वर करते, भट्टी पुसते आणि परत येते. पेटवत नाही. थंड भट्टीला रोज काय पुसायचं असतं, मामा?" तुझ्या सासूबाईंचंही सांगितलं तिने. शेजारणीने बिस्किटांचा पुडा आणला तर म्हणाल्या म्हणे, "बाहेरच ठेवा. त्यानेच आमच्या घरातला कर्ता माणूस गेलाय." आणि तू आतून ऐकत होतीस.

ताई, डिसेंबरात भाऊजी जाईपर्यंत एकवीस वर्षं तुम्ही दोघांनी ते दुकान चालवलं. भाऊजी घामाघूम होऊन भट्टीपाशी उभे आणि तू गल्ल्यापाशी, येणाऱ्या प्रत्येकाला काल घेतलेला ब्रेड कसा निघाला ते विचारत. मधुमेह झाल्यावर डॉक्टरांनी "साखर बंद" म्हटलं, तेव्हा भाऊजींनी काय उत्तर दिलं होतं आठवतं? "डॉक्टर, साखर माझ्या दुकानात आहे. अंगात गेली असेल तर चोरून गेली." असल्या माणसाची भट्टी सँडलच्या खोक्यांसाठी फोडायची?

तुझ्या ब्रेडने काही झालेलं नाही. डॉक्टरांचंही तेच मत आहे. तू उगाच मनाला लावून घेतलं आहेस. शांतपणे विचार कर आणि सही पुढे ढकल, एवढंच सांगायचं होतं.

बाकी क्षेम. लेकीला आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार (त्या घेतील तर).

तुझा धाकटा,
वय वर्षे बावन्न


११ मार्च, बुधवार

ताई,

तुझं उत्तर मिळालं. बेकरीच्या बिलाच्या मागच्या बाजूला तीन ओळी. "पावाचं तूच म्हणाला होतास. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, सगळ्यांसमोर. आता काय बदललं?"

लहानपणी तू माझे निबंध तपासायचीस तेव्हाही असंच करायचीस. पानभर मजकूर सोडून जिथे मी थाप मारली असेल तिथेच बोट.

हो, म्हणालो होतो. त्यावर येतो. आधी आजाराबद्दल नीट सांगतो, कारण हॉस्पिटलच्या त्या दिवसांत तुला कुणी नीट काही सांगितलंच नाही. डॉक्टर घाईत बोलले, नातेवाईक फुरसतीत बोलले, आणि तुझ्या लक्षात नातेवाईकांचंच राहिलं.

ही बुरशी जगात सगळीकडे असते. मातीत, धुळीत, पिठात, उशीत, तू आत्ता श्वास घेते आहेस त्या हवेत. आपण दिवसभर ती गिळतो आणि ती निमूटपणे निघून जाते. पण एखाद्याची साखर पाचशेच्या वर गेलेली असते, रक्त आंबट झालेलं असतं, अंगातले शिपाई झोपलेले असतात. अशा अंगात ती मुक्काम करते. बहुतेकदा नाकात, डोळ्यामागे. जठरात क्वचित. इतकी क्वचित की आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिली. ती रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, रक्त अडवते, आणि जिथवर पोचली तिथवरचं जठर काळं पडतं. दिसायला अल्सरसारखंच दिसतं. उलट्या, पोटदुखी, काळपट रक्त, सगळं अल्सरचंच. म्हणून उपचारही अल्सरचे होतात, आणि ती आत आपलं काम करत राहते.

भाऊजींनी इन्सुलिनची सुई तीन आठवडे बंद ठेवली होती. ऑर्डरी फार होत्या, सुई घेतली की मधेच घाम फुटून हात थरथरतात, असं मला सांगितलं होतं त्यांनी. मी हसलो होतो. तुला माहीत नव्हतं. तुला न सांगायच्या गोष्टी ते मला सांगायचे, आणि मी त्या नीट सांभाळायचो. फार सोयीचा मेहुणा होतो मी.

तेव्हा आजारपणाच्या आधीच्या शुक्रवारी तू दोन दिवसांच्या ब्रेडचे टोस्ट करून दिलेस, म्हणून हे झालं, असं म्हणायला कुठलाही आधार नाही. टोस्टमधून गेली नाही, याची शपथही कुणी घेऊ शकणार नाही, हेही खरं. पण मग पाण्यातून गेली नाही, हॉस्पिटलच्या चादरीवरून गेली नाही, याचीही शपथ कोण घेणार? आणि तेच टोस्ट तुम्ही तिघीही खाल्लेत. सासूबाईंनी तर दोन जास्त खाल्ले असतील, मी त्यांना ओळखतो.

आता दुसरं. तुला आमच्या लॅबबद्दल सांगायचं आहे. रोग्यांच्या अंगातून काढलेले नमुने आम्ही काचेच्या बशीत, खळीसारख्या खाद्यावर ठेवतो आणि काय उगवतं ते बघतो. कधीकधी रोग्यातलं काही न उगवता हवेतलंच काहीतरी उगवतं. त्याला आम्ही "दूषित बशी" म्हणतो. अशी बशी निघाली की वहीत नोंद करायची, कारण लिहायचं, मॅडमची सही घ्यायची. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. भिंतीवर एक पांढरा फलक आहे, त्यावर दूषित बशीविना गेलेले सलग दिवस लिहितात. डिसेंबरात तो आकडा तीनशे चाळीसपर्यंत पोचला होता. सगळे येता-जाता त्याच्याकडे बघायचे. रोगी बरे किती झाले याचा फलक कुठेच नाही, पण ते असो. पुढच्या सोमवारी दर्जा तपासणारे लोक बाहेरून येणार होते, आणि आम्ही लग्नघरासारखे पुसत होतो.

त्या आठवड्यात आमच्यातल्या एका माणसाने एका बशीवर बुरशी पाहिली. करड्या कापसासारखी, झाकणाला टेकलेली. नोंद केली असती तर आकडा शून्यावर आला असता. त्याने बशी जाळायच्या मालात टाकली, वहीत काही लिहिलं नाही, आणि अहवालात "वाढ नाही" असं लिहिलं.

ती बशी भाऊजींची होती.

आज एवढंच जमतंय. कामावर जायची वेळ झाली आहे. हे खोटं आहे, आज सुट्टी आहे.

धाकटा


१७ मार्च, मंगळवार

ताई,

या वेळी तुझ्या बिलावर दोनच शब्द होते. "तो कोण?"

मी.

हे एक अक्षर लिहायला सकाळपासून तीन चहा झाले. हिने विचारलं, "कुणाला लिहिताय एवढं?" म्हटलं, ताईला. म्हणाली, "मग रडताय कशाला?" मी म्हटलं, कांदा. टेबलावर कांदा नव्हता. ती आत गेली. हिलाही मी अजून सांगितलेलं नाही, घरच्यांत आधी तुला.

आता सगळं क्रमाने सांगतो, आणि मधे विनोद आला तर तेवढा सोडून वाच.

भाऊजींना माझ्याच हॉस्पिटलमध्ये आणा, असा आग्रह मीच धरला होता. तुमच्याकडचे डॉक्टर म्हणत होते, इथेही होईल. मी म्हटलं, "छे, माझ्या डोळ्यांसमोर राहतील." मंगळवारी नळी घालून जठर बघितलं. मोठ्या डॉक्टरांना त्या जखमेवरचा करडा-हिरवट थर आवडला नाही. त्यांनी काही तुकडे काढले. काही पेशी बघायला वरच्या मजल्यावर गेले, त्याचा निकाल यायला पाच-सहा दिवस लागतात. तीन तुकडे आमच्याकडे आले, सोबत चिठ्ठी: बुरशी बघावी. नमुन्यावर फक्त आकडा असतो, आणि त्या दिवशी जठराचे नमुने आणखी दोघांचेही होते. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी कोणता आकडा त्यांचा ते मुद्दाम पाहिलं नाही. नियम पाळल्याचं केवढं समाधान होतं मला! आणि त्या दिवशी बशा लावायची पाळी माझीच होती.

गुरुवारी सकाळी मी ती बशी काढली. वाढ झाकणापर्यंत आलेली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की त्या माणसाला ती हवेतली वाटली. ताई, मी तसं लिहिलं नव्हतं. आत्ता परत वाचलं. मी फक्त "टाकली" असं लिहिलं होतं, आणि वाटली असेल हे तुझ्यावर सोडून दिलं होतं. अशी वाक्यं मला छान जमतात.

हवेतली बुरशी बशीवर कुठेही पडते. कडेला, कोपऱ्यात, जिथे झाकण उघडलं असेल तिथे. ही तशी नव्हती. ती तिन्ही तुकड्यांभोवती होती. प्रत्येक तुकड्यातून निघून बाहेर पसरलेली. सव्वीस वर्षं मी हे काम करतोय. नव्याने लागलेल्यांना पहिल्याच दिवशी मी हेच शिकवतो: कुठून उगवलंय ते बघा. मला दिसलं. मी पाहिलं आणि माझ्या मनाने म्हटलं, हवेतलीच असेल. मग माझ्या डोळ्यांनी फलकाकडे पाहिलं.

काचेवर थोडी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दोन मिनिटं लागतात. मॅडमना हाक मारायला त्याहून कमी. मी ती बशी टाकली, दुसरी लावली नाही, आणि खाली सही केली.

अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आला होता. मीच घेतला.

"त्या जठराच्या तुकड्यांत बुरशी काही?"

"नाही सर. वाढ नाही."

"बरं झालं. मग अल्सरचंच चालू ठेवतो."

दुपारी मी भाऊजींना भेटायला वर आलो होतो. तू पाय चेपत बसली होतीस. भाऊजी म्हणाले, "काय सापडलं का आमच्या पोटात, की नुसतीच उधारी?" कोणता आकडा त्यांचा ते न बघताच मी म्हटलं, "पोट एकदम स्वच्छ आहे, भाऊजी. आमच्या लॅबसारखं." ते हसले. हसताना त्यांनी पोट धरलं होतं.

सोमवारी तपासणीवाले आले. खूश झाले. एकाने माझ्याशी हात मिळवला. तासाभराने वरच्या मजल्यावरून पेशींचा निकाल आला: रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले बुरशीचे धागे. मॅडम आत येऊन म्हणाल्या, "आपल्याकडे याची वाढ कशी नाही?" आणि आकडा वाचला. मग त्या आकड्यासमोरचं नाव वाचलं. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "कधीकधी येत नाही, मॅडम. नाजूक असते." आणि ती खरंच नाजूक असते, कधीकधी खरंच येत नाही. त्यांनी मान डोलावली.

मग पॅसेज.

डॉक्टर तुम्हाला सांगत होते. फार दुर्मिळ, बुरशी, मधुमेह, लगेच ऑपरेशन. सासूबाई म्हणाल्या, "बुरशी? माणसाच्या पोटात बुरशी कुठून येणार?" तू डॉक्टरांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुझ्या डोळ्यांत प्रश्न होता: तू तर म्हणालास पोट स्वच्छ आहे. तू तो विचारणार होतीस. ओठ उघडले होते तुझे.

मी घाईने म्हणालो, "अहो, पावावर येते ना, तीच."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच निवडलं. पुस्तकातही तसंच लिहितात, पावावरची बुरशी. डॉक्टरांनी "हो, त्याच कुळातली" असं म्हटलं आणि पुढे गेले. सासूबाईंनी तुझ्याकडे पाहिलं. आणि तू तुझ्या हातांकडे पाहिलंस. तुझा प्रश्न तिथेच मेला. मला हायसं वाटलं, ताई. तुझे हात असे समोर धरलेले मी बघत होतो आणि मला हायसं वाटत होतं.

बशी टाकली तेव्हा ती कुणाची ते मला माहीत नव्हतं. या एका ओळीच्या आडोशाला मी तीन महिने बसलो आहे. पण ते वाक्य बोललो तेव्हा समोर कोण आहे हे मला पक्कं माहीत होतं.

मंगळवारी अर्ध्याहून जास्त जठर काढलं, रविवारी ते गेले. तेराव्या दिवशी तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "खरंच टोस्टमधून गेलं असेल का रे?" मी म्हणालो, "आता ते उगाळून काय उपयोग?" तू त्याचा अर्थ "हो" असा घेतलास. मी घेऊ दिला.

गुरुवारीच औषध सुरू झालं असतं तर वाचले असते का? काल मी हेच विचारायला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. म्हणाले, "सांगता येत नाही. असे रोगी निम्म्याहून जास्त जातात. पण चार दिवस म्हणजे या आजारात फार." मी सांत्वनाची आणखी एखादी ओळ निघेल म्हणून थांबलो. निघाली नाही.

तिथून मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तीन महिने?"

"हो."

"तुम्ही मला खोटं सांगितलंत. माझ्या तोंडावर."

"हो."

"आणि आज का सांगताय?"

"बहीण बेकरी देतेय, मॅडम."

त्यांना संबंध कळला नाही. कसा कळणार! त्यांनी मला लिहून द्यायला सांगितलं, मी दिलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे, सहीसकट. आता चौकशी होईल. मला सध्या कामावर यायचं नाही असं सांगितलं आहे. तुला तक्रार करायची असेल तर ही प्रत लागेल. कर. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. तुझी ती सवय मला चांगली माहीत आहे, मी तिच्यावरच आजवर जगलो आहे.

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुझ्यावर आणखी एक काम पडेल.

बेकरी ठेवायची की द्यायची हा तुझा प्रश्न आहे. एकटीने भट्टी सांभाळायची ताकद नसेल, सकाळी साडेचारला उठणं नको वाटत असेल, तिथे पाऊल टाकलं की ते दिसत असतील, तर दे. चपलावाल्याला दे, आणखी कुणाला दे. पण आपल्या हातांनी नवरा मारला, असं समजून ती सही करू नकोस. त्या हातांनी काही केलेलं नाही. ज्या हाताने केलं तो हे लिहितो आहे.

मी रविवारी अकराच्या गाडीने येतो. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवायची जबाबदारी तुझी नाही. मी त्यांच्यासमोर बसून स्वतः सांगेन, जे पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर बोललो ते सगळ्यांसमोर परत घेईन. शेजारच्या त्या बाईंनाही बोलव. लेकीला मात्र त्या वेळी घरात ठेव. तिच्या बापाचं कसं झालं हे तिने माझ्या तोंडून ऐकावं, मामाबद्दल तिचं जे काही मत होईल ते माझ्यासमोर व्हावं.

त्यानंतर तू जा म्हणालीस तर मी जाईन, संध्याकाळची गाडी आहे. जेवायला थांब म्हणू नकोस. ते मला घशाखाली उतरणार नाही, आणि तू आग्रह करशील.

तुझ्या हातांवर जे तीन महिने टाकून ठेवलं होतं, ते उचलायला येणारा,

तुझा भाऊ